धुळ्याच्या रस्त्याचं टायर

“धुळाना रस्ताले बठ्ठा काटाच शेतस, अन् पोरले रेसनं टायर पाहिजे!”

जळगावचे आमचे सायकलवाले भाऊ हे हातातल्या चाकाला सांगत होते. गिऱ्हाइकाकडे ते बघतच नाहीत. मला रिमला चिकटवायचं हलकं टायर हवं होतं. पण ते वाटेत पंक्चर झालं, तर आपल्याला काढता येत नाही, मदतीला कुणाला तरी हाक मारावी लागते, आणि अनोळखी माणसापुढे माझा आवाजच फुटत नाही.

भाऊंनी साध्या ट्यूबवाल्या टायरमध्ये मुद्दाम बाभळीचा काटा टोचला, टायर उचकटायचे पाने आणि पंक्चरचं सोल्युशन माझ्या हातात दिलं आणि मला कुणी बघतंय असं वाटू नये म्हणून स्वतःच पाठ फिरवून चहा पीत बसले. तिसऱ्या खेपेला माझ्या हातून पंक्चर निघालं.

“भाऊ, हेच बसवा,” मी म्हणाले. “रविवारी धुळ्याला एकटीच जाणार आहे.”