तीन नंबरचं मशीन

कुडव्यात माझा सायबर कॅफे होता, तेव्हा नक्षलग्रस्त भागातल्या चिचगडहून एक अंगणवाडी सेविका दर शनिवारी यायची. बाहेरून बी.ए. करत होती. समाजशास्त्राचं पुस्तक मिळेना, म्हणून नेटवर नोट्स शोधायची. माऊस धरण्याआधी पदराला बोटं पुसायची.

परीक्षेच्या आधीच्या शनिवारी तिने वहीतल्या 'वर्गसंघर्ष' या शब्दावर बोट ठेवलं.

"बाई, हे तुमी टाका."

"काऊन? बाकी सारं तर तूच टाकून राहिली."

"आमच्याकडं पोलीस बी येतेत, जंगलातले बी येतेत. बसमधी थैली तपासतेत. असा शब्द म्या टाकला, असा कागद थैलीत दिसला, तं कोनाले काय सांगू?"

"सांग, परीक्षेत आहे."

"आयकून घेतेत का?"

मी तिच्या मशीनवर तो शब्द टाइप केला. मराठीत सोप्या नोट्स मिळाल्या, पण तिने छापू दिल्या नाहीत. दोन तास ओठ हलवत पानं पाठ केली आणि वहीही माझ्याकडेच ठेवून, रिकामी थैली घेऊन बस पकडायला गेली.

पोलिसांनी ठेवायला लावलेल्या रजिस्टरात तिच्या नावापुढे मशीन नंबर तीन लिहिलेलं होतं. मी भित्री नाही. तरी तीन नंबरवर बसले आणि शोधलेलं सगळं पुसलं, दोनदा.