डबे परत न करणारी सुनेत्रा

सिंगापूरमधल्या पुंगोलच्या आमच्या ब्लॉकमध्ये मराठी घरं मोजकीच, पण कुचाळक्यांना तेवढी पुरतात. गेलं वर्षभर सगळ्यांत चविष्ट विषय होता सुनेत्रा. बाई विद्यापीठात संशोधक, झाडापानांतली डॉक्टर. नवरा निशिकांत बँकेत. माहेर पुण्याचं, वळण चांगलं. आणि एवढं सगळं असून ती डबे परत करत नाही! आमच्या हिची, म्हणजे नीताची, पुरणपोळीची चपटी डबी, खालच्या मजल्यावरच्या अवनीची लोणच्याची बरणी, सगळं तिच्या ओट्यावर घासूनपुसून पालथं घातलेलं. गेलेलं भांडं माघारी येईल तर शपथ.

"आपल्यात चिमूटभर साखर घालून का होईना, डबा परत करतात," अवनी एकदा लिफ्टमध्ये म्हणाली. "हिला आईनं शिकवलं नाही की काय?"

"अगं, स्टीलचं प्रदर्शन भरवणार असेल," मी म्हटलं. चार मजले आम्ही खिदळत होतो.

शेवटी नीतानंच मला पिटाळलं. "तुम्हाला नाहीतरी दुसऱ्याच्या घरात डोकावायचंच असतं. जा, माझी डबी घेऊन या."

दार पूर्वीनं, सुनेत्राच्या मुलीनं उघडलं. "आजोबा, आई बिझी आहे लाह." इथल्या पोरांसारखं शेपटीला 'लाह' लावून असं म्हटल्यावर मी आत जाणारच. सुनेत्रा जमिनीवर बसली होती. पुढ्यात दोऱ्यांची विणलेली मळकट पिशवी आणि भोवती मिठाचे पुडे, काडेपेट्या, मासे धरायचे गळ. ती एकेक वस्तू पिशवीत बसवत होती.

"दुकान काढलंस की काय गं?"

"काका, बसा. रुचिर सोमवारी गावाला निघालाय."

रुचिर तिच्याच विभागातला. आणि गाव म्हणजे पापुआच्या जंगलातलं, नदीच्या वळणावरचं. दोन वर्षांपूर्वी सुनेत्रा तिथं आठ महिने राहून आली होती. छोट्या विमानानं जायचं, तेही ढग सरकले तर. पुढं होडीनं. डॉक्टर नाही. नदीच्या खालच्या अंगाला एक दवाखाना, त्यातला माणूस असला तर असतो. मास्तर येतो, पावसाला कंटाळून जातो. लोकांचं पोट सागोच्या झाडावर. मूळचा साबुदाणा याच झाडाचा, आपला हल्ली कंदाचा. तिथं अख्खं झाड पाडून त्याचा गाभा कुटतात, पाण्यात कालवून पिठी खाली बसू देतात. सुनेत्रा त्याच झाडांचा अभ्यास करायला गेली होती.

"आणि ही पिशवी कुणाची?"

"योसिनाची."

योसिना तिथली शेजारीण. आपण योसिनाबाई म्हणू. सागो कुटण्यात तिचा हात कुणी धरणार नाही, आणि जिभेलाही तेवढीच धार. ही चष्मेवाली परदेशी बाई उपाशी मरेल, असं तिनं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. रोज सकाळी कपाळावरून पाठीवर अडकवलेली पिशवी घेऊन यायची. कधी सागोची भाकरी, कधी मासा, एकदा झाडातल्या पांढऱ्या लठ्ठ अळ्या.

"खाल्ल्यास?"

"खाल्ल्या. आईला सांगू नका."

आणि पुण्याची लेक ती! रिकामी पिशवी परत द्यायची कशी? संध्याकाळ व्हायच्या आत पिशवीत तांदूळ, मीठ, बिस्किटं घालून योसिनाबाईच्या दारात हजर. एक दिवस चुकला नाही.

"मला वाटायचं, किती व्यवस्थित वागतेय मी," सुनेत्रा म्हणाली. "ती पिशवी घ्यायची आणि काही न बोलता आत जायची. मग हळूहळू तिचं येणंच थांबलं. मला वाटलं, कामात असेल. खरं सांगू? थोडं बरंच वाटलं. लिहायला वेळ मिळाला."

मी एरवी मध्ये बोलल्याशिवाय राहत नाही. तेव्हा पुढं सरकून ऐकू लागलो.

योसिनाबाईची मुलगी मार्ता, आपल्या पूर्वीएवढीच. तिला ताप भरला. आईनं पोरीला होडीत घातलं आणि खालच्या दवाखान्याकडं निघाली. होडी सुनेत्राच्या झोपडीसमोरून गेली. हिनं वर बसून हातसुद्धा हलवला. दवाखान्याला कुलूप होतं, माणूस शोधून आणेपर्यंत ताप डोक्यात गेला. हिवतापाच्या गोळ्या इकडे हिच्या पेटीत पडून. मार्ता जगली, पण डाव्या कानानं ऐकू येईनासं झालं.

"मी धावत गेले. म्हटलं, मला का नाही सांगितलंस? मी इथंच होते! तर म्हणाली, 'तू रोज संध्याकाळी सगळं मिटवून टाकायचीस. आपल्यात काही उरूच द्यायचं नाहीस. मग मी तुझ्याकडे कुठल्या तोंडानं मागू?'"

तिथली रीत तशी. दिलेलं लगेच फेडणं म्हणजे तुझं-माझं संपलं. देणं थोडं अंगावर राहू द्यायचं, म्हणजे हक्कानं येता-जाता येतं. हिनं चांगल्या वळणापायी बाईला रोज दारातून वाटेला लावलं होतं.

"निघायच्या दिवशी मार्ता ही पिशवी घेऊन आली. भाजलेला सागो होता. विमान उभं होतं, परत करायला वेळच मिळाला नाही." सुनेत्रानं पिशवीच्या दोऱ्या सारख्या केल्या. "तेव्हापासून कुणाचं भांडं परत करायचं म्हटलं की हात उचलत नाही. रिकामं देववत नाही, नि भरून द्यायला गेलं की मार्ताचा कान आठवतो. बायका काय बोलतात ते ऐकू येतं मला, काका. तुमचंही."

मी चष्मा पुसला. पण जित्याची खोड! पिशवीकडं बघून बोलून गेलो, "मग आता हे काय चाललंय? एवढी एकच राहिली होती मिटवायची, तीही भरून पाठवतेस?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग एकेक पुडा बाहेर काढला. मीठ, गळ, काड्या. हिवतापाच्या गोळ्यांचं खोकं तेवढं खालच्या दवाखान्यासाठी वेगळं बांधलं. पिशवी खिळ्याला अडकवली.

सोमवारी रुचिर योसिनाबाईसाठी फक्त निरोप घेऊन गेला. 'माझ्या मुलीला पिशवी नाही, तू वीण.' निशिकांत म्हणे कपाळावर हात मारत होता, "जिचं एवढं नुकसान झालं तिच्याकडेच मागायचं?" सुनेत्राही रात्रभर तळमळली असावी, कारण सकाळी लिफ्टमध्ये तिचे डोळे सुजले होते. पण निरोप तिनं बदलला नाही.

रुचिर परतला तेव्हा मी मुद्दाम सुनेत्राकडंच होतो. डबी न्यायला!

"आधी बोलल्याच नाहीत," तो सांगू लागला. "निरोप ऐकून आत गेल्या. बरेच दिवस माझ्याकडं बघितलंही नाही. निघायच्या आदल्या दिवशी विचारलं, मुलगी केवढी झालीय? मी हातानं उंची दाखवली. तर मार्ताला माझ्या हाताखाली उभं केलं, अर्धवट विणलेली पिशवी तिच्या कपाळावरून सोडली आणि कुठवर येते ते पाहिलं. मग म्हणाल्या, नेणार नाहीस तू. तिला म्हणावं, येऊन ने."

सुनेत्राच्या चेहऱ्यावर हसू येईल म्हणून मी टक लावून बसलो होतो. ते आलं नाही.

"मार्ताला हाक मारलीस तू?" तिनं विचारलं.

"हो. पहिल्यांदा तिनं वळूनच पाहिलं नाही. मग उजव्या बाजूला जाऊन मारली."

सुनेत्रा उठून ओट्यापाशी गेली आणि आमची घासलेलीच डबी पुन्हा घासू लागली. बराच वेळ पाणी वाहत होतं. मग पाठमोरीच म्हणाली, "काका, नीताकाकूंना सांगाल? भाजणी संपलीय माझ्याकडची."

"सांगतो की," मी म्हटलं आणि डबी तिथंच ठेवून घरी आलो.