कुसुम उलटी चालली ती वाट

कुसुम गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या घरी आमच्या पुढच्या सहलीची यादी करत होते. पाण्याच्या बाटल्या, टोप्या, तिची बिनसाखरेची बिस्किटं... फोनवर अकोल्याहून तिची मुलगी मीनल होती. ‘मावशी, आई सकाळी उठलीच नाही.’ मी ‘निघते’ म्हणाले आणि यादीत पुढचं ‘छत्री’ लिहिलं. हाताला कळायला वेळ लागला.

कॉलेजच्या वसतिगृहापासूनची आमची मैत्री. सहली मी आखायच्या आणि तिनं टिंगल करत सोबत यायचं, हे ठरलेलं. ती जाण्याच्या दहाच दिवस आधी आम्ही धारणीकडच्या जंगलात गेलो होतो. तिथे झऱ्यांमुळे बारमाही दलदल असते आणि त्यात जुने अर्जुन, जांभूळ दाटीनं उभे आहेत. मधून खांबांवर फळ्या ठोकून अरुंद वाट केली आहे. चिखलापासून वीतभर उंच, कठडा नाही. निम्म्या वाटेवर माझ्या पायाखालची फळी हलली. खाली काळं पाणी, वर आभाळाचा तुकडाही नाही. पाय थिजले. ना पुढे, ना मागे...

‘काहून थांबली वं?’ पुढे गेलेली कुसुम ओरडली.

‘मले नाही जमत. तू जा.’

‘अन् तुह्या नवऱ्याले काय सांगू? बायको फळीवर ठेवून आली?’

ती परत आली. माझे दोन्ही हात धरून, माझ्याकडे तोंड करून उलटी चालू लागली. ‘मले मागचं दिसत नाही. पाय कुठं ठेवू, ते तू सांग. चुकली त दोघीबी चिखलात.’ मी सांगू लागले. डावीकडे घे, सरळ, इथे फट आहे... काम मिळालं आणि पाय सुटले. माझी नजर फळ्यांवर होती. तिच्या पायांकडे मी पाहिलंच नाही.

गेल्या रविवारी मीनलसोबत कुसुमची खोली आवरली. पलंगाखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेले तिचे बूट निघाले. उजवा नुसता मळलेला. डावा मात्र वाळलेल्या काळ्या चिखलानं आतूनसुद्धा भरलेला.

‘मावशी, डावाच येवढा कसा भरला?’

मी तो बूट हातात घेतला. त्या फळ्यांवर एका वळणाला भीतीनं मी डोळे मिटले होते आणि तसंच ‘सरळ, सरळ’ म्हणत राहिले होते. तिच्या हातांना हिसका बसला. डोळे उघडले तर ती हसत होती. ‘चाल वं, थांबू नको.’ थट्टा करते आहे, असं वाटलं मला.

मी मीनलला सगळं सांगितलं.

‘आई त घरी येऊन म्हणे, तुमी सारं बरोबर सांगितलं.’