उकळलेलं पांघरूण

“सूनबाईनी लोकर कच्ची शे, जिजी. दख ना, पह्यले गडद निळी व्हती, आते पांढरीफटक पडी गयी! बिचारी जीव लाईसन विनी ऱ्हायनी. तिले कसं सांगू?”

माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, शेजारच्या सखूजिजींच्या कानाशी लागून हे सांगत होत्या. मी दाराआड पीठ चाळत होते. तेव्हाच बाहेर येऊन दोन शब्द बोलले असते, तर आज तुम्हाला हसायला काही उरलं नसतं. पण मी नवी सून! रनाळ्यात येऊन चार महिने झाले होते आणि सासरी माझं सगळं बोलणं मानेनेच चाले.

अहो, रंग कच्चा नव्हता हो! आम्हा दोघांसाठी विणायला घेतलेल्या पांघरुणात मीच तो उतरत नेला होता. गडद निळा, मग निळा, आकाशी, फिकट आकाशी आणि शेवटी पांढरा. सारंगखेड्याला, माझ्या माहेरी, पहाटे तापी अशीच दिसते. अलीकडे काळोखी, पलीकडे उजळत गेलेली.

आणि दुसरंही एक होतं. हे विसरवाडीच्या शाळेत मास्तर. लग्नानंतर आठच दिवसांत रुजू झाले. जाताना हळूच म्हणाले, “तुझा पांढरा पट्टा संपेपर्यंत खोली मिळेल. मग न्यायला येतो.” झालं! मी अशी विणत सुटले, जणू विसरवाडीची मोटार माझ्या क्रोशाच्या सुईनेच ओढायची होती. आता पांढऱ्याच्या दोनच ओळी उरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पाणी भरून आले, तर अंगणात चुलीवर हंडा. हंड्यात मीठ, तुरटी आणि माझं पांघरूण!

“रंग पक्का करी टाकस,” आत्याबाई मायेने म्हणाल्या. मग बाहेर काढून धोपाटण्याने असं बडवलं, असं बडवलं, की विचारू नका. लुगड्याचा रंग असाच पक्का होतो. लोकर मात्र आटते.

दोघांना पुरेल असं पांघरूण दोरीवर वाळत घातलं, तेव्हा हातभर उरलं होतं.

तेवढ्यात सखूजिजी आल्या. दोरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “काय वं, हाई इतलंसं पांघरूण तूच विनं का?”

मीच विणलं होतं ना? मी मान हलवली. वर रडू लपवायला पदर तोंडाला लावला.

“अगं माय! लाजनी दख कशी!”

संध्याकाळपर्यंत पाच बायका ओटी भरून गेल्या. सून स्वतःच लाजून ‘हो’ म्हणाली म्हटल्यावर आत्याबाईंना तो हंडा आठवतो कुठला! त्यांनी माझ्या हातातली घागर काढून घेतली आणि डिंकाचा लाडू दिला. सांगायला तोंड उघडलं की दुसरा लाडू! एवढ्यात सासरे म्हणाले, “विसरवाडीले निरोप धाडा, पोऱ्याले बलावा.”

खरं सांगू? तिथे मी उघडलेलं तोंड आपणहून मिटलं. हे येणार होते!

दुसऱ्या दिवशी हे आले. धुळीने माखलेले, आणि सदऱ्याच्या खिशात लाकडी खुळखुळा. माझ्याकडे असे बघत होते, की मला जमिनीत शिरावंसं वाटलं. मग ओट्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, “आई, खोली मिळाली. हिला उद्या घेऊन जातो.”

“कथा घी चालना?” आत्याबाई गरजल्या. “अशी वखतमा? बायतपन व्हवापावत ती आठेच ऱ्हाई!”

बाळंतपण होईपर्यंत इथेच! जे बाळ नव्हतंच, त्याचं बाळंतपण होणार कधी आणि मी विसरवाडी बघणार कधी? सासरे समोर, सखूजिजी कुंपणाशी, हे खुळखुळा लपवताहेत. आणि चार महिन्यांत पहिल्यांदाच माझा आवाज फुटला, तोही सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा:

“पोर-बीर काही नही वो, आत्याबाई! ते आम्हनं दोन्हीसनं पांघरूण व्हतं, तुम्ही उकयी टाकं! आते माले जाऊ द्या!”