दारापर्यंतचं पाणी

सकाळचा दुसरा चहा गाळून होतो न होतो तोच दार वाजलं. "दूधवाला कडी वाजवायला कधीपासून शिकला?" म्हणत सुनेनं दार उघडलं. बाहेर मोजणी खात्याचा माणूस, काखेत नकाशाची सुरळी.

सासूला सगळी गल्ली चादरवाली मावशी म्हणे. चाळीस वर्षं तिनं दवाखान्याच्या चादरी तळ्यावर धुतल्या. लग्न होऊन आली तेव्हा मागच्या उंबऱ्यावर बसून पाय पाण्यात सोडता यायचे. मग जो तो परसात राडारोडा लोटू लागला. कुणी न्हाणीघर वाढवलं, कुणी भाड्यानं द्यायला खोली काढली. तिचा नवराही त्यात मागे नव्हता. तळं मुकाट्यानं सरकत गेलं. आता धुण्याचा दगड दारापासून साठ पावलांवर.

वीस वर्षांपूर्वी असाच एक साहेब आला होता. पाणी जिथवर यायचं तिथवरची घरं पाडणार, अशी कुणकुण होती. अख्ख्या गल्लीनं एका सुरात सांगितलं, इथं पाणी कधी आलंच नाही. मावशीनं मागच्या भिंतीवरचा ओलीचा पट्टा चुन्यानं झाकला आणि जबाबाखाली पहिली सही ठोकली. पाडापाडी पुढं बारगळली. जबाब मात्र दप्तरात राहिला.

"तळ्याभोवती फिरायचा रस्ता होतोय," तो माणूस म्हणाला. "धुण्याचा दगड जाणार. काठावरच्या धुणेवाल्यांना पलीकडे नवी जागा आहे. पण मावशी, तुमची गल्ली काठावरची नाहीच. कागदावर तरी."

"मग चादरी काय मी गच्चीवर धुतल्या?"

त्यानं जबाब पुढं धरला. "सही तुमचीच ना?"

"माझीच. गल्लीत सही येणारी मी एकटीच बाई होते. काय मिरवले होते त्या दिवशी."

"आई, जागा मागा की," सून कुजबुजली.

मावशी उलथनं घेऊन मागच्या दाराशी गेली आणि भिंत खरवडू लागली. पोपडे पडले. खाली गुडघाभर उंचीवर तपकिरी पट्टा तसाच होता.

"जागा तुमच्या हातात नाही, कळतं मला," ती म्हणाली. "माझ्या दारापर्यंत पाणी यायचं, एवढं लिहून घ्या."