नवरा खालापुरात, मिस्त्री गच्चीवर

आमचं घर कर्जतला, दहिवलीच्या बाजूला. खाली तीन खोल्या, वर उघडी गच्ची. आमचे हे खोपोलीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण घरातल्या वस्तूंपर्यंत ती बातमी पोचलेली नाही. काही बिघडलं की ह्यांची शिफ्ट सुरू होते.

त्यामुळे गच्ची गळायला लागली तेव्हा बाहेरचा माणूस बोलवायचा प्रश्नच नव्हता. पहिल्या मे महिन्यात ह्यांनी गच्चीवर डांबर ओतलं. दुसऱ्या मेमध्ये डांबरावर रबरासारखं कसलंसं केमिकल फासलं. तिसऱ्या मेमध्ये त्यावर पांढरा रंग मारला, आणि तो जिन्याकडून कोपऱ्याकडे मारत गेल्यामुळे शेवटी स्वतःच कोपऱ्यात अडकले. थोडा वेळ तिथे उभे राहून विचार केला आणि ओल्या रंगावरून चालत परत आले. चपलांचे सहा ठसे गच्चीवर कायमचे उमटले.

गळती चालूच राहिली. त्या वर्षी श्रावणातल्या एका दुपारी मी पुढच्या खोलीत सोफ्यावर भाजी निवडत बसले होते. विळी आणायला उठले आणि मागे धाडकन आवाज झाला. मी बसले होते त्याच जागी छताचा परातीएवढा तुकडा पडला होता आणि वर गंजलेल्या सळ्या दिसत होत्या. विळी हातात धरून मी कितीतरी वेळ दारातच उभी राहिले. हे आले, वर बघितलं आणि म्हणाले की मूळचं प्लॅस्टरच कच्चं होतं, गच्चीचा त्यात काही दोष नाही.

आतलं काम गवंड्याचं आणि वरचं काम डोक्याचं, असं ह्यांचं मत. म्हणून दसऱ्यानंतर, पाऊस गेल्यावर, छताच्या प्लॅस्टरपुरता एक मिस्त्री बोलवायची मला परवानगी मिळाली. मिस्त्री नेरळकडचे, कोकणी मुसलमान, साठीच्या पुढचे. आजोबांपासून घरात गवंडीकाम. त्यांनी हातोडीच्या दांड्यानं सगळं छत ठोकून आवाज ऐकला. हे स्टुलाशेजारी उभे राहून त्यांना डांबर, केमिकल आणि रंग यांचं शास्त्र समजावत होते. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. हे बाजारात गेल्यावर मात्र ते स्टुलावरून उतरले.

"वहिनी, खालून किती बी लिंपा. वरून पानी येतंय तवर हे टिकायचं नाय. मला एकदा गच्ची बघू द्या."

आम्ही दोघं वर गेलो. मिस्त्रींनी एका जागी रंग, रबर, डांबर असं थर काढत खरवडलं. खाली चार भोकं निघाली आणि प्रत्येकात कापलेला बोल्ट. मला लगेच आठवलं. फार वर्षांपूर्वी टीव्हीची डिश बसवायला ही भोकं ह्यांनीच पाडली होती. पुढे केबल आली तेव्हा डिश काढली, बोल्ट कापले आणि विषय संपला. पाण्याच्या दृष्टीनं तो तिथूनच सुरू झाला होता. शिवाय गच्चीचा उतारही चुकीच्या बाजूला होता.

मी म्हटलं, साहेबांना तुम्हीच सांगा. मिस्त्री म्हणाले, नवरा तुमचा हाय. शेवटी कोणीच सांगितलं नाही. काम किती दिवसांचं, एवढं मी विचारलं. आठ, ते म्हणाले. दोन दिवस फोडायला आणि भरायला, पाच दिवस वर पाणी कोंडून ठेवायला, एक दिवस रंगाला.

माझी नणंद खालापूरला राहते. ह्यांच्याहून चार वर्षांनी मोठी आणि ह्यांना मनगटाला धरून शाळेत नेलेली. मी तिला फोन करून सगळं सांगितलं. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाली, "पाठव त्याला. माझा पंप उद्या सकाळी बिघडतोय."

दुसऱ्या दिवशी हे हत्यारांची पिशवी घेऊन, लग्नाला निघाल्यासारखे प्रसन्न चेहऱ्यानं खालापूरला गेले. तासाभरात मिस्त्रींचा टेंपो दारात लागला. आळीत मी छताच्या प्लॅस्टरचं काम आहे, एवढंच सांगितलं.

ते आठ दिवस मी सुखात होते हे कबूल केलं पाहिजे. वर छिन्नी चालायची, खाली मी माणसांना चहा द्यायचे, आणि संध्याकाळी नणंदेचा फोन यायचा. पंपातली एक वायर तिनं अशी काढून ठेवली होती की ह्यांचे दोन दिवस त्यात गेले. मग मिक्सर बिघडला. मग फाटकाची बिजागरी निखळली. "फाटक झालं गं," ती सांगायची, "आता पंख्याला हात घालू का?" आठव्या दिवशी तिच्याकडे मोडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

इकडे मिस्त्रींनी भोकं बुजवली, भेगा उकरून भरल्या, नवा उतार काढला आणि कठड्याच्या बुडाशी गोलाई दिली. पाच दिवस गच्चीचं तळं करून ठेवलं. खाली टिपूसही उतरला नाही, तेव्हा मिस्त्रींनी पुढच्या खोलीचं छतही लिंपून टाकलं. शेवटच्या दिवशी मी माळ्यावरून ह्यांचा उरलेला पांढरा रंग आणि केस झडलेला ब्रश काढून दिला. काम ओळखू येता कामा नये, रंग साहेबांसारखाच मारायचा, असं सांगितलं. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर खरंच वेदना दिसली. तरी त्यांनी ओघळ ठेवले, मध्ये मध्ये जागा सोडल्या. राहिले ठसे. मी ह्यांच्या जुन्या चपला आणून दिल्या. त्या हातात घालून, गुडघ्यांवर रांगत, मिस्त्रींनी सहा ठसे उमटवले.

"चाळीस वर्सांत असलं काम हातून झालं नव्हतं," ते चपला परत देताना म्हणाले.

हे परत आले ते तडक गच्चीवर. मी कपडे वाळत घालायच्या निमित्तानं मागोमाग. ह्यांनी कमरेवर हात ठेवून सगळीकडे नजर फिरवली आणि मला जवळ बोलावलं. "बघ, पाच महिने झाले. रंग कालच मारल्यासारखा दिसतो." मी मान डोलावली. रंग कालच मारला होता.

पुढच्या पावसाळ्यात घर कोरडं राहिलं. केमिकल मुरायला एक वर्ष लागतं, असा शोध ह्यांनी लावला आणि तो आळीभर सांगितला. इथवर मला मजा वाटत होती. मग जुलैत दोन दिवस उघडीप मिळाली तेव्हा आमच्या शेजारच्या निवृत्त गुरुजींनी ह्यांना आपल्या गच्चीवर बोलावलं. त्यांच्या छताला एक छोटासा ओला डाग होता. ह्यांनी तीनही थर एकदम चढवले. त्यात पाणी जायच्या पाइपाचं तोंड निम्मं बुजलं. पाऊस परतल्यावर गुरुजींच्या कपाटावर धार लागली. गुरुजींच्या बायकोनं लेकीच्या बाळंतपणासाठी शिवून ठेवलेल्या गोधड्या भिजल्या. त्या मला म्हणाल्या, तुमच्याकडे कसं बाई टिकलं, आमचंच नशीब असं. त्या गोधड्या पिळायला मी त्यांना मदत केली, आणि पिळताना मला त्यांच्याकडे बघवेना.

मी मिस्त्रींना फोन केला. ते यायला तयार होते, पण लपून नाही. "एकदा केलं वहिनी, आता नाय. साहेबांना सांगा, मग बोलवा."

जेवणं झाल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. भोकं, बोल्ट, उतार, चपला. ह्यांनी ताट बाजूला सारलं. मग एकच शब्द विचारला, "पंप?"

"तोही," मी म्हटलं.

गच्चीचं एकवेळ चाललं असतं, पण पंपाचं फार लागलं. त्या पंपाची गोष्ट ह्यांनी स्टेशनवरच्या चहावाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितली होती. ह्यांनी लगेच बहिणीला फोन लावला. तिनं अजिबात नाकारलं नाही. उलट म्हणाली, "दुरुस्त करायला तुला दोन दिवस लागले, मग बिघडवणाऱ्याला काय कमी अक्कल लागली असेल?"

दोन दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी काही न सांगता स्कूटर काढून नेरळकडे गेले आणि दुपारी मिस्त्रींना मागे बसवून घेऊन आले. दोघं थेट गुरुजींकडे गेले. पाइपाचं तोंड मोकळं केलं, वर ताडपत्री बांधली. पाऊस ओसरल्यावर पक्कं काम झालं तेव्हा स्वतःचे तीन थर ह्यांनी स्वतः छिन्नीनं काढले. गुरुजींना काय सांगितलं ते मला माहीत नाही. गुरुजींच्या बायकोला मी माझ्या बाजूचं सांगितलं. त्या आधी रागावल्या, मग गोष्ट चपलांपाशी आल्यावर पदर तोंडाला लावून हसल्या.

तेव्हापासून हे मिस्त्रींबरोबर कामाला जातात. कोणी बोलावलेलं नाही, पण जातात. मिस्त्री ह्यांना पाट्या उचलू देतात, सिमेंटच्या मालाला पाणी किती ते विचारतात आणि मग आपल्या अंदाजानं घालतात. गेल्या महिन्यात कळंबला एका बंगल्याच्या गच्चीचा एक कोपरा त्यांनी पहिल्यांदाच पूर्ण ह्यांच्यावर सोपवला. चार दिवसांनी मिस्त्रींचा मला फोन आला.

"वहिनी, साहेबांचा कोपरा पाझरतोय. गुरुवारी त्यांना घरी ठेवा. मी गुपचूप करून घेतो."

म्हणजे लपवाछपवीला आता तेही तयार झाले होते. हे समोरच पेपर वाचत होते. मी क्षणभर विचार केला आणि फोन ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि पेपरचं पान उलटलं.

गुरुवारी हे कळंबला गेले आणि संध्याकाळी उशिरा आले. नखांत सिमेंट, बोटांना चिरा पडलेल्या. अंगणातल्या नळावर हात धूत असताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "उतार माझाच उलटा झाला होता."

बत्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते. पुन्हा म्हणायला लावायचा मोह झाला, पण आवरला. खोबरेल तेलाची वाटी त्यांच्यापुढे ठेवली आणि भाकऱ्या थापायला आत गेले.