कळंब्यातली चार बिऱ्हाडं

विद्याश्री हिरेमठ कळंब्यातलं घर बघायला गेली तेव्हा रात्रपाळी करून आली होती. त्यामुळे घरापेक्षा जिन्याकडंच तिचं जास्त लक्ष गेलं. जिना सरळ होता, पायऱ्या बुटक्या. आपल्या पायांना जमेल, एवढंच तिला वाटलं. राजारामपुरीतल्या एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची नर्स म्हणून तिची उमेदीची सगळी वर्षं उभ्यानं गेली होती. पोटऱ्यांवरच्या शिरा दोरीसारख्या तटतटल्या होत्या. ज्या डॉक्टरांच्या हातात ती वर्षानुवर्षं कात्र्या-चिमटे देत आली, त्यांनीच एकदा हातमोजे काढता काढता सांगितलं होतं, "सिस्टर, आता उभं राहणं कमी करा." उभं न राहता पोट कसं भरायचं, हे मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं.

तिचं लग्न झालेलं नव्हतं. धाकट्या भावांची शिक्षणं करता करता ते राहूनच गेलं. भाऊ जयसिंगपुरात आपापल्या संसाराला लागले आणि आई, दानम्मा, तिच्याजवळ राहिली. शाहूपुरीत भाड्याच्या दोन खोल्यांत दोघींचं चाललं होतं. साठवलेल्या पैशात राहायला फ्लॅट घे, असं भावांचं म्हणणं. विद्याश्रीच्या मनात वेगळंच होतं. आपण भाड्यानंच राहायचं, पण दुसऱ्यांना भाड्यानं द्यायला एक घर घ्यायचं. चार बिऱ्हाडांचं भाडं आलं की बँकेचा हप्ता सुटेल, उरलेल्यात दोघींचं भागेल आणि नोकरी सोडता येईल. मग सकाळी कितीही वेळ झोपावं.

घराचे मालक सयाजीराव कळंब्यातलेच. "का विकताय?" तिनं विचारलं.

"कट्टाळलो बगा."

ती हसली. घरबसल्या भाडं येतंय आणि माणूस कंटाळतोय, हे तिला पटेना.

"बिऱ्हाडं चांगली हायती," सयाजीराव म्हणाले. "खाली जेलातला शिपाई न् त्याची बायको स्वप्नाली. शेजारी चिमणाबाई म्हणून एक म्हातारी, एकटीच असती. वर कॉलेजची पोरं आन् एक वायरमन, बायका-पोरांसंगट. कुणाला काढू नगासा, आन् कुणाला डोक्यावरबी घिऊ नगासा."

दस्ताच्या दिवशी कचेरीतला सर्व्हर बंद पडला. दुपार झाली, चहा झाले, सयाजीराव दोनदा घरी जाऊन आले. दानम्मा बाकावर बसल्या बसल्या झोपली. शेवटी अंगठे उमटले, फोटो निघाले. कागदावरचा आपला फोटो बघून विद्याश्रीला वाटलं, ही बाई आजारी दिसते.

"मुगीतु," दानम्मा आपल्या सीमेकडच्या कन्नडात म्हणाली. "संपलं बाई एकदाचं."

संपलं कुठलं! पाणी एक दिवसाआड यायचं आणि ते वर चढवायची मोटर मधूनच बंद पडायची. मग वरची बिऱ्हाडं खालच्यांना शिव्या घालत. मोरीचा पाइप तुंबे. पोरांच्या गाड्या दारात आडव्या. वायरमन गावभर तारा जोडत फिरायचा, पण जिन्यातला दिवा गेला की म्हणायचा, "ते मालकाचं काम हाय." विद्याश्रीच्या हातात मोजे असताना बाहेर कपाटात फोन वाजत राहायचा. ड्युटी सुटली की ती घरी न जाता स्कूटर कळंब्याकडं वळवायची. घरी पोचेपर्यंत दानम्मा भाकरी झाकून वाट बघत बसलेली असायची.

"अव्वा, तू जेवायचं होतंस की."

"एकटी कशी जेवू? आणि तू काय गं, दोन-दोन नोकऱ्या करायला लागलीस?"

त्यातही कामाचं तिला फार काही वाटत नव्हतं. कामाची सवय होती. थिएटरात कापायचं कुठं, शिवायचं कधी, ते डॉक्टर ठरवत. तिनं फक्त मागतील ते हातात द्यायचं. इथं जो तो तिच्या तोंडाकडं बघत उभा राहायचा आणि ठरवायचं तिनं. ते तिला झेपत नव्हतं.

दिवाळी झाल्यावर एकदा भाडं न्यायला गेली, तर स्वप्नालीनं तिला घरात ओढून दार लावून घेतलं.

"ताई, शेजारची म्हातारी कोण हाय म्हाईत हाय काय तुमास्नी?"

"कोण?"

"तिचं पोरगं आत हाय. कळंब्याच्या जेलात. बांधावरच्या मारामारीत माणूस मेलं, त्यात सजा लागलीया. म्हातारी भेटीसाठी हितं येऊन ऱ्हायलीया, आन् आमाला पत्त्याच न्हाय."

"मग?"

"मग काय? आमचं हे तिथंच ड्युटीला. उद्या कुणीतरी साहेबाच्या कानावर घातलं, की शिपाई कैद्याच्या आईच्या शेजारी ऱ्हातोय, हिकडचं तिकडं पोचवतोय, तर? चौकशी लागंल. तिला काढा, न्हायतर आमी जातो."

स्वप्नाली वाईट नव्हती. तिचं म्हणणं खोटं होतं असंही विद्याश्रीला म्हणता येईना. "बघते," एवढंच बोलून ती बाहेर पडली.

चिमणाबाईचं दार उघडंच होतं. म्हातारी एका खानावळीत भाकऱ्या बडवायला जायची, नुकतीच परत आली होती. तिनं पाट टाकला, चहा ठेवला. गगनबावड्याकडच्या आपल्या वाडीत पाऊस कसा पडतो, एष्टी कशी बंद होते, भेटीच्या दिवशी येईस्तवर वेळ कशी टळून जायची, हे ती सांगत राहिली. कोणाची भेट ते मात्र म्हणाली नाही. विद्याश्रीनं चहा संपवला. शब्द ओठावर आले होते. पण पाय ठणकत होते, पाटावर टेकायला मिळालं होतं, आणि ते एकदा बोललं की लगेच उठून उभं राहावं लागणार होतं. पुढच्या आठवड्यात सांगू म्हणून ती तशीच परत आली.

पुढच्या आठवड्यात थिएटरमध्ये दुसरी सिस्टर रजेवर गेली. त्यानंतर दानम्माला ताप आला. स्वप्नालीचा फोन यायचा, विद्याश्री म्हणायची, "सांगते हो, सांगते." असं करत संक्रांत गेली. एक दिवस शिपायाचाच फोन आला. दुसरीकडं खोली मिळाली, डिपॉझिट परत द्या. आवाजात राग नव्हता, दमलेला माणूस बोलतो तसं तो बोलला.

खोली रिकामी राहिली. एका भाड्याचा खड्डा पडला आणि नोकरी सोडायचं लांबच गेलं. खोली बघायला येणारे नळाआधी शेजारी कोण राहतं तेच विचारत. गल्लीत आता सगळ्यांना कळलं होतं.

"आपणच जाऊ की तिकडं," एक दिवस दानम्मा म्हणाली.

"मालकिणीनं भाडेकरूच्या खोलीत राहायचं?"

"शाहूपुरीचं भाडं वाचतंय न्हवं? तुझी रोजची फेरी वाचती. आणि मला दिवसभर बोलायला एक बाई मिळती."

भाऊ फोनवर हसले. विद्याश्रीनं वाद घातला नाही. टेम्पोत सामान मावलं. दवाखान्यात तिनं थिएटर सोडून ओपीडीत बसायचं काम मागून घेतलं. पगार कमी झाला, पण खुर्ची मिळाली. नोकरी सोडायचं तिनं मनातून काढून टाकलं. ते काही तिच्या हयातीत जमेलसं दिसत नव्हतं.

राहायला आल्यावर पहिल्याच रविवारी चिमणाबाई शेंगांची पाटी घेऊन दारात आली आणि दानम्माजवळ बसली.

"पोरगी गुणाची हाय तुमची," ती म्हणाली. "शिपायाचं बिऱ्हाड घालवलं, पर मला न्हाय काढलं."

विद्याश्री भिंतीला पाय लावून पडली होती. ती उठून बसली. "आजी, मी कुणाला घालवलं नाही. तुम्हाला सांगायलाच आले होते त्या दिवशी. सांगायचं राहून गेलं, एवढंच."

"ठावं हाय की मला," चिमणाबाई शेंगा फोडत म्हणाली. "त्या दिशी चा कडू झालता, तरी तुमी सगळा प्यालासा. तवाच वळखलं, ही बाई कायतरी सांगाय आलीया."

"मग बोलला का नाहीत?"

"मी कशाला बोलू? ह्याच्याआदी दोन खोल्या सोडल्या. तुमच्या तोंडनं येईस्तवर तेवढंच दीस मिळत हुतं."

दानम्मा हसायला लागली. चिमणाबाईही हसली. विद्याश्रीला हसावं की काय करावं कळेना. तिनं पाटीतल्या मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या. इतक्या दिवसांत एक साधी गोष्ट आपण विचारलीच नाही, हे तिच्या ध्यानात आलं.

"पोराचं नाव काय तुमच्या?"

म्हातारीचे हात थांबले. इथं आल्यापासून हे कुणी विचारलं नसावं.

"ज्ञानू," ती म्हणाली.

"परवा भेटीला जाताय न्हवं? मी दवाखान्यात जाताना गेटापाशी सोडते तुम्हाला. स्कूटरवर बसता येतं का?"

"धरून बसतो की," चिमणाबाई म्हणाली, आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.